हलली ती गाडीच

पन्नाशी उलटल्यावर मी मोटारसायकल घेतली. साधी नाही, लांबच्या प्रवासाची. पुढं वारा अडवायला काच, दोन्ही अंगाला पत्र्याच्या पेट्या, मागच्या सीटच्या पाठीशी आणखी एक डिक्की. दुकानासमोर उभी केली की बाजारातली माणसं थांबून बघायची.

लातुरात आमचं भुसार मालाचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली तिथं बसायला लागलो तो अजून बसूनच आहे. डाळीचा नमुना तळहातावर घ्यायचा, बोटानं पसरायचा, एक दाणा तोंडात टाकायचा आणि भाव सांगायचा. एवढ्यात उमर गेली. माझ्या साडूनं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, नांदेडला मोठी चारचाकी घेतली तेव्हा घरचे मला म्हणाले, आता तुम्हीही घ्या. घेता आली असती. पण चारचाकी काय, कुणीही घेतं, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवून बसलो होतो. मग बोललेलं खरं करून दाखवणं आलं.

बायकोनं गाडीला विभूती लावली, नारळ फोडला. मागच्या सीटवर हात ठेवून तिनं एवढंच विचारलं, "हे लई उंच न्हाई का?"

"एकदा चढायचं फक्त," मी म्हणालो. "मग आरामखुर्ची."

पेट्यांमुळं तिला एका अंगानं बसता येईना. साडीत दोन्हीकडं पाय टाकणं जमेना. म्हणून तिनं पंजाबी ड्रेस शिवून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच. तो घालून ती आतल्या खोलीतून बाहेर आली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हसू नका."

मी हसलो नाही. पण हे ती कुणासाठी करतेय हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, तिला हौस आहे.

पहिला मोठा प्रवास नांदेडचा ठरला. मेव्हण्यानं तिथं सिडको भागात घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. पेट्यांत कपडे आणि आहेर भरला. मागच्या डिक्कीत मी दुकानातली चांगल्यातली तूरडाळ ठासून भरली. सासरी रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि माझ्या गाडीत किती माल मावतो हेही दिसायला पाहिजे होतं.

चाकूर मागं पडलं तोवर सगळं उत्तम चाललं होतं. पुढं कडब्याची ट्रॉली होती. ती ओलांडायला मी गाडी पळवली, ट्रॉलीच्या पुढं निघालो, आणि आडोसा संपताच वारा अंगावर आला. हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मनगटाला मुंग्या याव्यात तसं. मग पुढचं चाक डावीकडं-उजवीकडं फटके मारायला लागलं. कुणीतरी हँडलची दोन्ही टोकं धरून हिसके देतंय असं वाटत होतं. पुढची बाजू एकीकडं जात होती, मागची डिक्की दुसरीकडं. पाठीमागून ट्रॉली येत होती. बायकोनं माझी कंबर घट्ट धरली.

मी ओरडलो, "हलू नको! नीट बस की! तू हलून राहिली म्हणून गाडी डुलून राहिली!"

गाडी कशी सावरली ते मला आजही सांगता येणार नाही. मी काही केलं नाही. वेग कमी झाला तसं हँडल आपोआप शांत झालं. रस्त्याच्या कडेला थांबलो. ट्रॉलीवाला बाजूनं जाताना मान वळवून बघत गेला.

बायको खाली उतरली. तिची ओढणी गळ्याभोवती पिळली गेली होती, ती तिनं सोडवली.

"मी हललेच न्हाई," ती म्हणाली.

"मग काय गाडी आपोआप हलली?"

"मला काय माहीत. मी हलले न्हाई."

"मागं बसणाऱ्याला कळत नसतं," मी म्हणालो. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी वाकून टायर बघत राहिलो.

ती परत बसली. अहमदपूरपर्यंत मी गाडी बैलगाडीसारखी चालवली. बसस्टँड दिसल्यावर तिनं खांद्यावर बोट टेकवलं.

"थांबवा."

मला वाटलं, चहा. ती उतरली, पेटी उघडायला लावली आणि स्वतःची पिशवी काढून घेतली.

"तुम्ही या गाडीवर. मी एसटीनं येते."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"अहमदपुरात आपल्याला कोण वळखतंय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाजी घ्यायला चाललेय असं सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि फलाटाकडं गेली.

नांदेडची बस लागलेलीच होती. ती चढली, खिडकीपाशी बसली. बस निघाली. मी मागं निघालो.

खरं तर मी पुढं जायला पाहिजे होतं. माझी गाडी बसपेक्षा केवढी जोरात पळणारी. पण बायको बसमध्ये आणि मी पुढं जाऊन सासरच्या दारात एकटा उभा, हे चित्र डोळ्यापुढं आलं की हात आखडायचा. शिवाय खरं सांगायचं तर मला आता वेगाचं भय वाटत होतं. मागच्या काचेतून दोन बायका माझ्याकडं बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एकीला बोलावून दाखवलं. बस थांबली की मी थांबायचो. कुणी उतरायचं, कुणी चढायचं. काच, पेट्या, हेल्मेट, हातमोजे, एवढा सगळा जामानिमा अंगावर घेऊन मी त्या धुरामागं धुरामागं लोह्यापर्यंत गेलो.

लोह्याला बस जरा जास्त थांबली. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत माझ्याकडं आला.

"मालक, अहमदपूरपासून बघून राहिलो, तुम्ही मागं मागंच. पुढं जा की. रस्ता रिकामा हाय."

"गाडी नवी हाय," मी म्हणालो. "जोरात चालवायची न्हाई सांगितलंय."

"हाव का? मला वाटलं कुणी रुसून बसमधी बसलं का काय!" आणि तो मोठ्यानं हसला.

त्याच्या डोक्याच्या वरच्याच खिडकीत बायको बसली होती. तिला सगळं ऐकू आलं असणार. तिनं समोर बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

नांदेडात शिरताना लातूर फाट्यावर बस थांबली आणि मला अपेक्षा नसताना ती उतरली. घर तिथून जवळच होतं. मी गाडी तिच्याजवळ नेली. तिनं पिशवी पेटीवर ठेवली, ओढणी नीट केली, खांद्यावर हात ठेवून मागं चढून बसली.

"हळू चालवा," ती म्हणाली. "घरच्यांसमोर कशाला तमाशा."

दोन गल्ल्यांपुरती ती माझ्यामागं बसली. दारात सगळे उभेच होते. मेव्हणा ओरडला, "आरे वा! आक्का ड्रेसमधी! दाजी, लातूरहून गाडीवर? एवढं लांब?"

"हाव," बायको म्हणाली. "मस्त आलो. काहीच तरास झाला न्हाई."

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी तिचे उपकार मानून गप्प बसलो असतो. पण संध्याकाळी गच्चीवर पंगत बसली. पुरणपोळी, येळवणीची आमटी, वर तुपाची धार. साडूच्या चारचाकीचं कौतुक झालं, मग माझ्या गाडीचा विषय निघाला. साडू म्हणाला, "साडूभाऊ, गाडी भारी हाय, पण हायवेला डुलत न्हाई का हो? एवढ्या पेट्या लावल्यावर?"

त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं सहज विचारलं होतं. पण माझ्या तोंडातून शब्द निघून गेले.

"गाडी कशाला डुलतीय? तुमची मेव्हणी डुलती मागं! एका जागी बसायचं माहीतच न्हाई. सारखी चुळबूळ. मी म्हणतो, अगं हायवे हाय, जत्रेतला पाळणा न्हाई."

सगळे हसले. मेव्हणा तर ठसका लागेपर्यंत हसला. "आक्का लहानपणापासून तशीच हाय दाजी! सायकलवर डबल सीट घेतली की पाडायचीच!"

बायको आमटीचं पातेलं घेऊन वाढत होती. तीही हसली.

"मला कुठं जमतंय ते," ती म्हणाली आणि माझ्या वाटीत आमटी वाढून पुढं गेली.

तिनं दिवसभर माझी लाज झाकली होती. रात्रीच्या जेवणात मी तिचीच मस्करी करून सगळ्यांना वाटली. तेव्हा हे मला इतकं सरळ दिसलं नव्हतं. गोड जेवणानंतर तोंड कडू पडावं तसं काहीतरी वाटलं, आणि मी ते विडा खाऊन मोडलं.

ती आईजवळ दोन दिवस राहते म्हणाली. मी एकटाच परतलो. डाळ उतरवली होती, पेट्या रिकाम्या, मागं कुणी नाही. गाडी तारेवर चालावी तशी सरळ गेली. चाकूरजवळच्या त्याच रस्त्यावर मी मुद्दाम जोर दिला. काही नाही. बघ, मी स्वतःशी म्हणालो, बघ. आणि मला समाधान वाटलं. बायको निघाली ती साडूच्या चारचाकीतून. त्याला लातुरात काम होतं. त्यानं तिला दारात सोडलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाला, "मेव्हणी, आमच्या गाडीत तर अजिबात हलल्या न्हाईत."

तो मला हाणत नव्हता. माझाच विनोद मला परत देत होता.

आठवडाभरानं मी गाडी औसा रोडच्या मिस्त्रीकडं नेली. हँडल एकदा थरथरलं होतं, तेवढं बघून घ्यावं म्हणून. मिस्त्री बडबड्या माणूस. त्यानं टायरची हवा बघितली, पुढचं चाक उचलून फिरवलं, हँडलच्या बुडातला कोनसेट थोडा आवळला.

"मला तर काही दिसून न्हाई राहिलं, अप्पा," तो म्हणाला. "मागं कोण होतं?"

"घरचे होते. सारखं हलतात."

"मग वहिनींना एकदा घेऊन या. बसवून चक्कर मारू. वजनावर असताना गाडी काय करती ते तर कळंल."

"त्या न्हाई यायच्या."

"मग तेवढं वजन बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मी हमालाला तूरडाळीचा एक भरला कट्टा, म्हणजे लहान पोतं, आणि एक अर्धा भरलेला कट्टा मागच्या सीटवर बांधायला लावला. मागच्या डिक्कीत त्या दिवशीइतकीच डाळ भरली. हमालानं विचारलं, "अप्पा, हे गाडीवर कुठं चाललं? टेम्पो हाय की."

"गिऱ्हाइकाला घाई हाय," मी म्हणालो. त्यानं कट्टे असे आवळून बांधले की ते सीटचाच भाग वाटावेत.

नांदेड रोडनं मी शहराबाहेर पडलो. दोन्ही बाजूंना सोयाबीनची रानं, रस्ता मोकळा. हळूहळू वेग वाढवत नेला. एक ट्रक ओलांडला. पुढं निघालो, वारा लागला, आणि हँडल थरथरायला लागलं. तसंच. आधी मनगटात मुंग्या, मग फटके. पाठीमागं कंबर धरायला कुणी नव्हतं, ओरडायलाही कुणी नव्हतं. मी दात आवळून हँडल सैल धरलं, वेग उतरू दिला. गाडी शांत झाली. कडेला घेऊन उभी केली.

उतरून मागं बघितलं. कट्टे जागचे तसूभर सरकले नव्हते. हमालाची गाठ होती तशी होती.

मी किती वेळ तिथं उभा होतो कोण जाणे. रानात खुरपणाऱ्या बायका होत्या, त्यातली एक उठून उभी राहिली आणि हाक मारून विचारलं, "काय झालं व काका? पंक्चर झाली का?"

"न्हाई न्हाई," मी म्हणालो. "काही न्हाई."

बायको हलली नव्हती. तिनं सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. भरधाव गाडी लटपटत असताना, मागून ट्रॉली येत असताना, ती बिचारी काय हलणार होती? तिनं फक्त मला धरलं होतं. आणि मला तेवढ्या घटकेत दुसरं काहीच सुचलं नाही, तिच्यावर ओरडणं सुचलं. भीतीनं माणूस काहीही बोलतो, ते एक वेळ सोडून देऊ. पण गच्चीवर कुठली भीती होती? पंगतीत बसून, पोटभर जेवून, मी ते परत बोललो होतो. वर लोकांचं हसू घेतलं होतं. त्या सोयाबीनच्या कडेला मला इतकी शरम वाटली की हेल्मेट काढायचं धाडस होईना. त्या बायकांनी माझं तोंड बघू नये असं वाटत होतं.

मिस्त्रीला सांगितलं, कट्टा बांधूनही डुलते. त्यानं मान हलवली. "म्हणजे वहिनी सुटल्या," तो हसत म्हणाला. मी हसलो नाही. मग त्यानं मला जमिनीवर उकिडवं बसवून पुढचं चाक दाखवलं. चाकाच्या दोन बाजूंना शॉकअपचे दोन पाय. मागं वजन जास्त झालं की पुढची बाजू हलकी पडते, वारा लागला की ते दोन पाय एकमेकांचं ऐकत नाहीत, एक इकडं पिळतो, एक तिकडं. दोघांना वरून एक जाड पट्टी टाकून बांधायचं. ब्रेस म्हणतात त्याला. "बसवून बघू. फरक पडंल बहुतेक," तो म्हणाला. नक्की म्हणाला नाही.

पट्टी पुण्याहून पार्सलनं आली. ॲल्युमिनियमची, कमानीसारखी, मडगार्डच्या वरून जाणारी. भोकं जुळेनात. एका बाजूला बारीक फट राहत होती. मिस्त्रीनं शेजारच्या लेथवर दोन चकत्या करून आणल्या आणि पट्टी आवळून टाकली. गाडी बाहेर काढली तर पुढचे शॉकअप दाबायलाच तयार नाहीत, खड्ड्यात गाडी दगडासारखी आदळायला लागली. त्याचंच चुकलं होतं. त्यानं सगळे बोल्ट ढिले केले, मला सीटवर बसवलं, "पुढं दाबा अप्पा, सोडा, दाबा, सोडा," असं करायला लावलं आणि पायांना आपापली जागा सापडल्यावर एक एक बोल्ट थोडा थोडा आवळला. जाणारी-येणारी माणसं बघत होती. उभ्या गाडीवर बसून मी लहान पोरासारखा उड्या मारत होतो.

परत कट्टे बांधले. डिक्कीत मात्र यावेळी डाळ नाही, मिस्त्रीनं ती खालच्या पेट्यांत वाटून ठेवायला लावली. परत नांदेड रोड. परत ट्रक, परत वारा. हँडलमध्ये एक शहारा आला आणि तिथंच विरला. मी तीनचार वेळा जाऊन आलो. गाडी सरळ होती.

आता घरी जाऊन सांगायचं होतं. मी मनात वाक्य जुळवत आलो. बायको गॅसपाशी धपाटे लावत होती. मी दारात उभा राहिलो. माझ्या आधीच ती बोलली.

"शेजारच्या काकू सांगत होत्या. तुमचे मालक गाडीवर डाळीचे कट्टे बांधून नांदेड रोडला नुसतेच जाऊन येऊन राहिलेत म्हणे. त्यांच्या पोरानं बघितलं."

"हाव, ते जरा..."

"एक भरला आणि एक अर्धा." तिनं धपाटं उलटलं. "माझं वजन धरलं व्हय?"

मी हसायचा प्रयत्न केला. ती हसत नव्हती, पण रागातही नव्हती. उत्तराची वाट बघत होती.

"गाडीत दोष होता," मी म्हणालो. "पुढच्या शॉकअपला पट्टी बसवून घेतली. आता ठीक झालंय."

"म्हणजे गाडीतच होतं."

"हाव."

"बरं," ती म्हणाली, आणि ताट वाढलं.

माझं चुकलं, हे दोन शब्द जुळवून आणले होते ते तसेच राहिले. तिनंही मागितले नाहीत. मी धपाटं खाल्लं, दही मागितलं, आणि दुकानात निघून गेलो.

काही महिन्यांनी मेव्हण्याच्या नातवाचं बारसं आलं. परत नांदेड. गाडी तयार होती, पट्टी बसवलेली, पण बायको म्हणाली, "मी एसटीनं जाते. तुम्ही या गाडीवर, काही हरकत न्हाई." मी गाडी घरीच ठेवली आणि तिच्याबरोबर बसनं गेलो. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. लोह्याला जाग आली तेव्हा मी तिला पेरू घेऊन दिले.

बारशाचं जेवण झालं. पुरुषमाणसं सतरंजीवर लोळली होती. बायका पलीकडं बाळाभोवती. मेव्हण्यानं तिकडं बघून हाक दिली, "आक्का, आज एसटी हलवली का न्हाई? का दाजींनी बांधून आणलं?"

सगळे हसायला लागले. विनोद घरात मुरला होता. साडू हसला, सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आणि बायको परत हसली. त्या रात्रीसारखीच.

मी उठून बसलो.

"ती हलली नव्हती," मी म्हणालो.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "ती हलली नव्हती. गाडीतच दोष होता. मिस्त्रीनं काढून दाखवला. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. त्या दिवशी ती नांदेडपर्यंत माझ्यामागं आलीच नव्हती. अहमदपूरला उतरून एसटीनं आली. माझी लाज राहावी म्हणून फाट्यावर परत गाडीवर बसली आणि तुम्हाला सांगितलं, मस्त आलो."

पाळण्याची दोरी धरलेला हात थांबला. मेव्हण्याला काय करावं कळेना, तो म्हणाला, "अहो दाजी, आम्ही मस्करी करून राहिलो." साडूनं घसा खाकरला आणि आमच्याकडं यंदा तुरीचा भाव काय निघेल असं विचारलं. मी काहीतरी आकडा सांगितला.

मला वाटलं होतं, बायकोला बरं वाटेल. परतीच्या बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "कशाला सांगितलं सगळ्यांसमोर?"

"खरं होतं ते."

"खरं मला सांगायचं होतं. घरी. त्या दिवशी धपाटे लावून राहिले होते तेव्हा." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "आता भाऊ म्हणंल, आक्कानं आपल्याला खोटं सांगितलं. आईला वाटंल, हिचं सासरी काय चाललंय देव जाणे. तुमचं मन हलकं झालं, माझं काय झालं?"

बस भरलेली होती. पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून बघितलं. मी खिडकीबाहेर बघत, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणालो, "माझं चुकलं." उशीर झालेला होता, जागाही चुकीची होती. पण अहमदपूरला बस थांबली तेव्हा पिशवीतले भाजके शेंगदाणे काढून तिनं अर्धे माझ्या हातावर ठेवले.

थंडीच्या दिवसांत रेणापूरला तिची मावसबहीण आजारी होती. बस आलीच नाही. तासभर स्टँडवर थांबून ती घरी परत आली, आणि कपाटातून तो ड्रेस काढला. "काढा गाडी," एवढंच म्हणाली.

मी गाडी काढली. ती चढून बसली. शहराबाहेर पडल्यावर मी आरशातून बघितलं. ती काठीसारखी ताठ बसली होती. दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर, मान सरळ, डोळे माझ्या पाठीवर. गतिरोधक आला तरी ती तसूभर इकडंतिकडं होत नव्हती. खड्डा आला तरी नाही. माणूस श्वास घेतं तेवढी हालचालसुद्धा जाणवत नव्हती.

"मोकळी बस की," मी म्हणालो. "आता काही होत न्हाई."

"हं."

"हललीस तरी चालतंय."

"हं."

रेणापूरला उतरल्यावर तिला पाय टेकवेना. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मी हात पुढं केला, तिनं तो धरला, पाय झटकले, आणि बहिणीच्या घरात गेली. मी गाडी सावलीत लावायला उगाच वेळ लावला.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती तशीच ताठ. तिनं एकदा तरी मान वळवावी म्हणून मी वाटभर बोलत राहिलो. उजव्या हाताला कापसाचं नवीन जिनिंग झालंय बघ. ती बघ, बगळ्यांची रांग. हे रान कुणाचं असेल गं, कसं राखलंय. ती प्रत्येकाला हं म्हणायची. पुढं एका वळणावर डाव्या अंगाला करडईचं सबंध रान फुललेलं होतं, पिवळंधमक. मी गाडी अगदी हळू केली.

"डावीकडं बघ. करडई किती फुललीय."

"दिसली," ती म्हणाली. आरशात तिची मान समोरच होती.